साचा नको, अंडं नको, कडा वाकड्या झाल्या तरी चालतं: फळांचं फ्रेंच ‘गॅलेट’ घरी कसं बनतं?

रील्समध्ये हा पदार्थ एव्हाना तुम्ही पाहिला असेल. लाटलेली मोठी गोल पारी, मधोमध सफरचंदाच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या फोडी, आणि कडा कशातरी आत दुमडलेल्या. जणू करंजी भरायला घेतली आणि अर्ध्यातच कंटाळा आला. ओव्हनमधून बाहेर येतं तेव्हा मात्र कडा सोनेरी झालेल्या असतात आणि फळांचा रस पाकासारखा चकाकत असतो. खाली कॅप्शन असतं, ‘सगळ्यात सोपं डेझर्ट’.

याचं नाव गॅलेट. सोपं आहे हे खरं, पण घरी करून पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला खालून ओलं, वरून कडक आणि ट्रेभर तूप सुटलेलं काहीतरी येतं. शंभर ग्रॅम बटर आणि अर्धा किलो फळं वाया. असं का होतं हे कळलं, तर रेसिपी पाठ करायची गरजच उरत नाही.

आधी नावाचा घोळ

‘गॅले’ म्हणजे फ्रेंच भाषेत गोल, गुळगुळीत गोटा. चपट्या गोल पदार्थाला गॅलेट म्हणायची पद्धत त्यावरूनच आल्याचं मानतात. त्यामुळे फ्रान्समध्ये गॅलेट म्हणजे एकच एक पदार्थ नाही. ब्रिटनी भागात गेलात तर गॅलेट म्हणून कुट्टूच्या पिठाचं पातळ, तिखटमिठाचं धिरडं समोर येईल, आत चीज, अंडं आणि हॅम घातलेलं. ६ जानेवारीच्या एपिफनीच्या सणाला खातात ते ‘गॅलेट दे र्‍वा’, म्हणजे राजांचं गॅलेट. पापुद्र्यांच्या दोन थरांमध्ये बदामाचं सारण असतं आणि त्यात चिनी मातीची छोटी वस्तू लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या दिवसाचा राजा. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे पॅलेसमध्ये कापल्या जाणाऱ्या गॅलेटमध्ये मात्र ही वस्तू ठेवत नाहीत, कारण प्रजासत्ताकाचा प्रमुख राजा कसा होणार!

आपला विषय आहे तो फळांच्या, उघड्या तोंडाच्या गॅलेटचा. याला फ्रेंचमध्ये ‘टार्ट रुस्तिक’ असंही म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत गावरान टार्ट. शहरातल्या बेकरीतल्या टार्टला साचा लागतो, कडा एकसारख्या लागतात, फळांची मांडणी नक्षीदार लागते. इथे यातलं काहीच नाही. पारी लाटायची, फळं मधे ठेवायची, कडा आत घ्यायच्या. इटलीतही असाच बिनसाच्याचा प्रकार करतात, त्याला क्रोस्ताता म्हणतात.

मराठी घरांसाठी यात एक मोठी सोय आहे. केकचं नाव काढलं की पहिला प्रश्न अंड्याचा येतो. गॅलेटच्या पारीत अंडं मुळात लागतच नाही. कडांना चकाकी यावी म्हणून वरून अंडं फासतात तेवढंच, आणि त्याऐवजी दूध किंवा साय लावली तरी काम होतं. रंग किंचित फिका येतो, बस.

सगळा खेळ थंड बटरचा

चिरोट्यात पापुद्रे कशामुळे सुटतात? दोन पोळ्यांच्या मधे साटा लावलेला असतो, म्हणून. तुपाचा तो थर पिठाला पिठाशी चिकटू देत नाही. गॅलेटमध्ये हेच काम बटरचे तुकडे करतात, फक्त साटा वेगळा लावायचा नसतो. थंड बटरचे बारीक तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे. पारी लाटली की ते चपटे होऊन पिठात जागोजागी पसरतात. भारतात टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो, आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. गरम ओव्हनमध्ये या पाण्याची वाफ होते, ती पिठाचे थर उचलून धरते आणि तोवर पीठ भाजून घट्ट होतं. हेच ते पापुद्रे.

बटर आधीच वितळलं तर ते पिठात जिरतं आणि थर उरत नाहीत. मग जे होतं ते करंजीच्या मोहनासारखं. खुसखुशीतपणा येतो, पापुद्रे सुटत नाहीत. ‘बटरऐवजी तूप चालेल का’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तुपात पाणी जवळपास नसतं, त्यामुळे वाफही नाही. चव छान येईल, पण पदार्थ नानकटाईच्या अंगाने जाईल.

फ्रेंच रेसिपी महाराष्ट्रात फसते ती याच जागी. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. पॅरिसच्या थंडीत ‘रूम टेंपरेचर’ला जे चालतं ते मे महिन्यातल्या नागपुरात कसं चालणार? त्यामुळे इथे मैदासुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाटणार असाल तर आधी दहा मिनिटं ओट्यावर बर्फाची परात ठेवा, दगड गार होतो. मग पुसून कोरडा करा. आणि हे काम सकाळी लवकर उरका, स्वयंपाकाचा गॅस पेटायच्या आधी.

प्रमाण आणि कृती

एका मध्यम गॅलेटला, म्हणजे सात-आठ तुकड्यांना, लागतं ते असं: १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, एक टेबलस्पून साखर आणि दोन ते तीन टेबलस्पून बर्फाचं पाणी. बटर बिनमिठाचं असेल तर पाव ते अर्धा चमचा मीठ घाला. किराणा दुकानात सहज मिळतं ते पिवळं, खारं बटर असेल तर मीठ अजिबात नको, त्यातलं पुरतं. फक्त बिनमिठाच्याच बटरवर अडून बसायची काही गरज नाही.

बटरचे सेंटिमीटरभर तुकडे करून १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मग मैदा, साखर यात ते बोटांच्या टोकांनी चुरा. तळहात वापरू नका, तो जास्त गरम असतो. काही तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे, काही वाटाण्याएवढे दिसले की थांबा. आता पाणी चमच्याचमच्याने. मूठ दाबल्यावर मुटका वळला की पाणी बंद.

पुढचं आपल्या हातांना जड जातं. हे पीठ मळायचं नाही. पोळीच्या कणकेला आपण जितकं तिंबतो तितकी ती लवचीक होते, कारण पाणी आणि मळणं यातून पिठातल्या प्रथिनांची ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळीला ती हवीच. इथे ती चिवटपणा आणते आणि भाजताना पारी आक्रसते. त्यामुळे कोरडं पीठ नुसतं एकत्र दाबून चपटा गोळा करा आणि झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. दिसायला तो भेगाळलेला, अर्धवट वाटेल. तसाच हवा. या तासाभरात बटर पुन्हा घट्ट होतं, पाणी सगळीकडे मुरतं आणि ग्लुटेन सैलावतं.

मग बेकिंग पेपरवर ३० सेंटिमीटर व्यासाची, तीनेक मिलिमीटर जाडीची पारी लाटा. डबा-पोळीसाठी मिळणारा पातळ कागद मात्र ओव्हनमध्ये घालू नका, तो चिकटतो किंवा करपतो. गोल नीट आला नाही तर सोडून द्या, गावरान म्हटलंय ना. कडेने चार-पाच सेंटिमीटर सोडून मधे फळं ठेवा आणि कडा चुण्या घालत आत दुमडा. मोदकाच्या मुखऱ्या पाडणाऱ्या हातांना हे काम म्हणजे सुट्टी. भेग पडली तर बोटाने दाबून बुजवा, नाहीतर रस बाहेर पडून कागदावर जळतो.

आता आणखी एकदा १५-२० मिनिटं फ्रीजमध्ये. ही पायरी बहुतेक रील्समध्ये कापलेली असते. पण भरेपर्यंत बटर परत मऊ झालेलं असतं, आणि ते तसंच ओव्हनमध्ये गेलं की कडा उघडून पसरतात.

रसाचं काय करायचं?

खालून ओलं राहण्याचं कारण फळांचा रस. साधारण ४०० ते ४५० ग्रॅम फळाला ५० ग्रॅम साखर, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि चमचाभर लिंबाचा रस पुरतो. साखर लावली की फळाला पाणी सुटू लागतं, म्हणून हे सगळं पारी लाटून झाल्यावरच एकत्र करा. पारीवर आधी टोस्टचा चुरा किंवा बदामाची पूड भुरभुरवली तर ती रस शोषून घेते. स्वस्त आणि हमखास उपाय.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी सफरचंद घ्यावं. ते घट्ट असतं, रस बेताचा सोडतं आणि त्यातल्या पेक्टिनमुळे रस आपोआप दाटतो. फोडी चार-पाच मिलिमीटरच्या. प्लम आणि पीचही उत्तम. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर तर या पदार्थासाठीच असल्यासारखं बसतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला हे मानांकन २०१० मध्येच मिळालंय, पण गॅलेटमध्ये ती अवघड. पाणी भरपूर, पेक्टिन कमी. तिला कॉर्नफ्लोअर दुप्पट लागतं. आंबा घालायचा मोह होईल, पण पिकलेला हापूस भाजण्यात काय मतलब आहे? तो तसाच खावा. आंब्याचंच करायचं असेल तर जरा करकरीत तोतापुरी बरी.

ओव्हन नसेल तर?

ओटीजीमध्ये वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून २०० अंशांवर १५-२० मिनिटं आधी तापवा. ट्रे खालच्या खणात ठेवा, म्हणजे बुडाला थेट उष्णता मिळते. वेळ साधारण ४० ते ४५ मिनिटं, पण घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. कडा फिक्या पिवळ्या नकोत, चांगल्या तांबूस हव्यात. मधला रस बुडबुडे काढत उकळलेला दिसला पाहिजे, कारण तेवढी उष्णता मिळाल्याशिवाय कॉर्नफ्लोअर दाटत नाही. कन्व्हेक्शन असलेला मायक्रोवेव्ह चालतो. साधा मायक्रोवेव्ह चालत नाही, त्यात पदार्थ शिजतो, भाजला जात नाही.

कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून केक करणाऱ्यांनी इथे फार आशा ठेवू नये. खालून भाजेल, वरून पांढरं राहील. गोव्यात बेबिंका पारंपरिक पद्धतीने करताना झाकणावर निखारे ठेवतात ते उगाच नाही, वरची उष्णता हवीच. हाताशी कढई किंवा कुकरच असेल तर तळहाताएवढी छोटी गॅलेट करून बघा, आणि रंग फिका येणार हे धरून चाला.

बाहेर काढल्यावर लगेच कापलं की रस वाहतो. अर्धा-पाऊण तास थांबलात तर तोच रस दाटतो आणि तुकडा स्वच्छ निघतो. काही रील्समध्ये ‘फळं आहेत म्हणून हेल्दी’ असंही सांगितलं जातं. वरच्या प्रमाणात आठ तुकडे केले तर एका तुकड्यात २०० हून जास्त कॅलरी जातात, आणि त्यातल्या बहुतांश बटर आणि मैद्याच्या. हे गोडधोडच आहे, तसंच समजून खावं.

त्याच दिवशी संपलं तर उत्तम. उरलंच तर फ्रीजमध्ये दोनेक दिवस टिकतं, पण गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, पारी लिबलिबीत होते. ओटीजीत १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, किंवा जाड तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर ठेवलं की बूड परत कुरकुरीत होतं.