बेटवा खोऱ्याचा नकाशा आणि सांचीचा भिक्खुसंघ

सांचीचे नाव घेताच महास्तूप व त्याची तोरणे डोळ्यांसमोर उभी राहतात. सांची आणि नागौरी या टेकड्यांमधील प्राचीन बांधाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. भिक्खुसंघाचा इतिहास जाणण्यासाठी त्या बांधाचे मोल तोरणांहून कमी नाही, असे आम्हांस वाटते.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८५४ साली सांची, सोनारी, सातधारा, भोजपूर व अंधेर येथील स्तूपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढेही दीर्घकाळ संशोधकांची दृष्टी टेकडीमाथ्यावरच खिळून राहिली. १९९८ पासून ज्यूलिया शॉ यांनी विदिशेच्या परिसरातील सुमारे ७५० चौरस किलोमीटर प्रदेशाची पाहणी केली आणि स्तूप, विहार, वस्त्या, बांध व तलाव यांची एकत्र नोंद केली. तेव्हा दिसले ते असे : माथ्यावर विहार, दरीच्या तोंडाशी दगडांनी मढविलेला मातीचा बांध, त्याखाली शेते आणि पलीकडे गाव. यांतील अनेक बांध इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांतील मानले जातात. सांचीच्या स्तूपांच्या मोठ्या विस्ताराचा काळही तोच. बांधाखाली भातशेती होत असावी आणि जलव्यवस्थेत संघाचा वाटा असावा, असा शॉ यांचा तर्क आहे.

जलमार्गांइतकेच महत्त्व रस्त्यांना आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरीचे सोळा शिष्य तथागतांच्या भेटीस निघतात, ते प्रतिष्ठानहून म्हणजे आपल्या पैठणहून, माहिष्मती, उज्जयिनी व विदिशा या मार्गाने. सांचीच्या शेकडो दानलेखांतही उज्जयिनी, माहिष्मती, कुरर, नंदिनगर अशा गावांची नावे आढळतात. दात्यांत गृहस्थ आहेत, तशा भिक्खुणीही पुष्कळ आहेत. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी तर दक्षिण तोरणावर आपल्या कामाची नोंद ठेवली आहे.

संघ जगापासून दूर, अरण्यात राहत होता, ही समजूत या नकाशापुढे टिकत नाही. पिंडपातासाठी गाव हवे, गावास शेती हवी, शेतीस पाणी हवे. ही साखळी ज्याने पाहिली, त्यास दानलेखांतील प्रत्येक गाव सजीव भासेल.

सांचीची स्मारके १९८९ पासून जागतिक वारसा आहेत. परंतु शेताच्या कडेला झुडपांत दडलेला बांध नांगराखाली वा दगडाच्या खाणीत गेला, तर स्तूप उभा राहूनही त्यास पोसणाऱ्या समाजाचा पुरावा नाहीसा होईल. म्हणून सांचीस जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी माथ्यावर वंदन करून झाल्यावर क्षणभर खालच्या खोऱ्याकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.