रे चार्ल्स : आरंभीची ध्वनिमुद्रणे

रिदम अँड ब्लूज संगीतातील थोर अमेरिकन गायक व पियानोवादक रे चार्ल्स (२३ सप्टेंबर १९३० – १० जून २००४) यांच्या १९४९ ते १९५४ या काळातील ध्वनिमुद्रणांचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात ते डाउन बीट (पुढे स्विंग टाइम) या कंपनीसाठी गायले, तर १९५२ पासून अटलांटिक या कंपनीसाठी. दुसऱ्यांची ढब हुबेहूब उचलणाऱ्या गायकाला स्वतःचा आवाज कसा गवसला, हे या तबकड्या क्रमाने ऐकल्यावर स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : पूर्ण नाव रे चार्ल्स रॉबिन्सन. जन्म जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथे. बालपण फ्लॉरिडातील ग्रीनव्हिल येथे गेले. सातव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. सेंट ऑगस्टीन येथील मूकबधिर व अंधांच्या शाळेत ते अभिजात पियानोवादन व ब्रेल स्वरलिपी शिकले. ही लिपी बोटांनी वाचायची असल्याने वाचणे आणि दोन्ही हातांनी वाजवणे एका वेळी जमत नाही. थोडा भाग वाचून पाठ करायचा व मग वाजवायचा, अशी सवय त्यांना लागली. पुढे वाद्यवृंदासाठी प्रत्येक वाद्याचे स्वर ते मनातूनच सांगत. १९४५ मध्ये आईचे निधन झाल्यावर फ्लॉरिडात मिळेल तिथे वाजवून त्यांनी पोट भरले आणि १९४८ मध्ये वायव्येकडील सिॲटल शहर गाठले.

डाउन बीट व स्विंग टाइम : सिॲटलमध्ये गिटारवादक जी. डी. मॅकी व बासवादक मिल्टन गॅरेड यांच्यासह त्यांनी त्रिकूट उभे केले. जॅक लॉडरडेल यांच्या डाउन बीट कंपनीने या त्रिकुटाचे ‘कन्फेशन ब्लूज’ १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. याच वर्षी ‘बिलबोर्ड’ने या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे जुने नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे केले.

‘कन्फेशन ब्लूज’मध्ये ड्रमचा ठेका नाही. पियानो, गिटार व बास एवढीच साथ आहे. आवाज मऊ, दबलेला आणि उच्चार नेटके आहेत. नॅट किंग कोल व चार्ल्स ब्राउन या दोन गायकांची गायकी त्यांनी जाणीवपूर्वक आत्मसात केली होती आणि पुढे तसे मोकळेपणाने सांगितलेही. १९५० मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. ‘बेबी, लेट मी होल्ड युवर हँड’ (१९५१) पाचव्या व ‘किस्सा मी बेबी’ (१९५२) आठव्या क्रमांकावर पोहोचले. ब्लूजगायक लोवेल फुलसन यांच्या ताफ्याबरोबर दौरे करताना वाद्यवृंद सांभाळण्याचा अनुभव मिळाला. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी आडनाव गाळले.

अटलांटिक : १९५२ मध्ये अहमत अर्तेगुन यांच्या अटलांटिक कंपनीने स्विंग टाइमकडून त्यांचा करार विकत घेतला. न्यूयॉर्कमधील सुरुवातीच्या मुद्रणांत जुनी छाप कायम होती. मात्र अर्तेगुन यांनी रचलेल्या ‘मेस अराउंड’मध्ये (१९५३) पियानोचा जोरकस बूगी ठेका पुढे आला. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथे ब्लूजगायक गिटार स्लिम यांच्या ‘द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू’ या गाण्याची वाद्ययोजना व पियानोसाथ चार्ल्स यांनी केली. चर्चमधील आर्त पुकाराची ताकद या गाण्यात होती आणि ते १९५४ मध्ये अव्वल ठरले.

१९५४ मध्ये चार्ल्स यांनी स्वतःचा वाद्यवृंद बांधला. नवी गाणी बसल्यावर त्यांनी अर्तेगुन व अटलांटिकचेच जेरी वेक्सलर यांना अटलांटाला बोलावून घेतले. १८ नोव्हेंबर १९५४ रोजी तेथील एका नभोवाणी केंद्रात ‘आय हॅव गॉट अ वुमन’ मुद्रित झाले. केंद्राच्या बातम्यांची वेळ झाली की काम थांबवावे लागे. सदर्न टोन्स या भक्तिगायकवृंदाच्या गीतावरून सुचलेल्या चालीवर चार्ल्स व ट्रम्पेटवादक रेनल्ड रिचर्ड यांनी लौकिक प्रेमाचे शब्द बांधले. इथे आवाज मोकळा सुटतो, मधेच चिरकतो, वरच्या पट्टीत झेपावतो. १९५५ मध्ये गाणे रिदम अँड ब्लूज यादीत पहिले आले. पवित्र चाल प्रेमगीताला लावल्याबद्दल अनेक भाविकांनी नाराजीही व्यक्त केली.

महत्त्व : गॉस्पेल (चर्चमधील भक्तिसंगीत) व ब्लूज यांच्या या मिलाफातून पुढे सोल संगीत आकाराला आले. चार्ल्स यांची कीर्ती वाढल्यावर स्विंग टाइमच्या काळातील गाणी वेगवेगळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे अशा संग्रहांत मूळ मुद्रणवर्ष पाहूनच त्या गायकीची वाटचाल नीट समजते.