गणकयंत्राचा ताप



नांदेड-लातुराकडे वैशाखांत पारा ४२ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां माणूस माळवदाच्या सावलींत शिरतो. गणकयंत्राला ती सोय नाहीं. शिवाय त्याचा मुख्य ताप त्याच्या पोटांतच उत्पन्न होतो.

हा ताप जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या 'टिफ्रॅक' यंत्रांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. आंतील तार तापल्याखेरीज नळी कामच देत नसे. म्हणजे तेथें उष्णता हा दोष नव्हता, ती कार्याची अटच होती. पुढें सिलिकॉनच्या चिपा आल्या आणि यंत्र निवलें असें वाटलें. तें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १९८५ चा ३८६ हा प्रोसेसर बहुधा उघड्या पाठीनें चाले. १९९३ चा पेंटियम सुमारें १५ वॅट उष्णता सोडूं लागला. आणि २००४ पर्यंत नखाएवढ्या चिपेतून शंभर वॅटांहून अधिक उष्णता निघूं लागली. शंभर वॅटांच्या पेटत्या दिव्याला ज्यानें बोट लावलें असेल, त्याला अधिक सांगावयास नको.

यावर योजलेला उपाय साधा आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ पात्यांचा ठोकळा बसवितात. पात्यांमुळें हवेला भिडणारें पृष्ठ अनेक पटींनीं वाढतें व पंखा ती हवा हालती ठेवतो. तांबें उष्णता अधिक त्वरेनें वाहून नेतें, परंतु तें जड आणि महाग. ठोकळा व चिप यांमधील बारीक फटी लेपानें बुजवितात, कारण कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाहीं.

मात्र पंखा थंडी निर्माण करीत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तो खोलींतील हवाच पात्यांवर लोटतो. खोली ४० अंशांवर असेल, तर त्या वाऱ्यानें ठोकळा ४० अंशांखालीं येणें शक्य नाहीं. त्यांत पात्यांमध्यें धूळ साचली कीं वाराहि अडतो. मग प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो आणि तेवढ्यानें न भागल्यास बंद पडतो.

२००१ सालीं एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला व तालुक्यांच्या गांवीं संगणकवर्ग निघाले. तेव्हांपासून मराठवाड्यांत हा प्रश्न यंत्राइतकाच खोलीचा झाला. वाळ्याच्या ताट्यांचा वारसदार जो कूलर, तो येथील स्वस्त उपाय; उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत पाण्याची वाफ लवकर होते व वारा निवतो. पण त्याला पाणी हवें! एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. पिण्याचें पाणी जेथें रुळांवरून येतें, तेथें तें कूलरमध्यें ओतावयास कोणाचा हात धजेल?

या दृष्टीनें पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक पाहण्याजोगा आहे. त्यांत पाणी वाऱ्यावर न उडवितां नळ्यांतून थेट प्रोसेसरला भिडलेल्या पट्टीपर्यंत नेतात. या रीतीचा एक गुण आमच्या भागाला विशेष उपयोगी. चिप ७०-८० अंश सहज सोसते. म्हणून ५० अंशांचें पाणीहि तिची उष्णता ओढून घेतें. आणि ५० अंशांचें पाणी लातुरच्या भर वैशाखांतील हवेनें, कोरड्या पात्यांतून फिरवून, निववितां येतें. वाफेपायीं एक घागरहि खर्चावी लागत नाहीं.