आयरिश स्थलांतरिताचे मूळ गाव

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर वसलेल्या आयरिश माणसाचे कूळ शोधताना आधी अमेरिकेतलीच कागदपत्रे संपवावी लागतात. कारण गाव ठाऊक नसेल तर आयर्लंडमधल्या नोंदी जवळपास मुक्याच असतात. अमेरिकी जनगणनेत १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. त्यानंतर घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव व जन्मस्थान येऊ लागले, पण ते बहुधा नुसते ‘आयर्लंड’. नागरिकत्वाच्या जुन्या अर्जांतही व्हिक्टोरिया राणीवरील निष्ठा सोडल्याचा उल्लेख असतो, गावाचा क्वचितच. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळवणाऱ्या परदेशीयाला मात्र नागरिकत्वाचे कागद जोडावे लागत. त्यामुळे जमिनीची फाइल हाती लागली की पुढचा दुवा मिळतो. त्याहून उपयोगी म्हणजे बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रातील हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती. १८३१ पासून छापलेल्या या मजकुरात काउंटी, पॅरिश, कधी थेट गावही सापडते. थडग्यावरचा लेखही दुर्लक्षू नये.

गाव कळल्यावरही वाट सरळ नाही. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधील अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतांश भाग त्यात गेला. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. म्हणून अभ्यासकांची भिस्त कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा-नोंदींवर आणि १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथच्या मालमत्ता-मूल्यांकनावर असते. या मूल्यांकनात जमीन कसणाऱ्या कुळाचे व मालकाचे नाव मिळते, बायकामुलांचे नाही.