गांजा, भांग आणि राज्यसंस्था : १८९३-९४ च्या चौकशी आयोगाचे पुनर्वाचन

मनोरंजनासाठी सेवन केल्या जाणाऱ्या मादक द्रव्यांना कायदेशीर मान्यता द्यावी काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभर नव्याने चर्चिला जात आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये गांजाच्या सेवनाला निरनिराळ्या मर्यादांत मान्यता दिली. भारतातील चर्चेत या संदर्भात एक ऐतिहासिक युक्तिवाद वारंवार पुढे येतो. भारतीय समाजाने भांग आणि गांजा शतकानुशतके सहजतेने स्वीकारले होते, ब्रिटिशांच्या आयोगानेही त्यांना निरुपद्रवी ठरविले होते आणि १९८५ चा कायदा केवळ परकीय दडपणाखाली आला, असे त्याचे स्वरूप असते. हा युक्तिवाद पूर्णतः खोटा नाही. परंतु ज्या अहवालाच्या आधारे तो केला जातो, त्या अहवालाचे वाचन मात्र अभावानेच झालेले दिसते. प्रस्तुत लेखात त्या अहवालाची आणि त्याच्या उत्तरकालीन परिणामांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ची नेमणूक १८९३ मध्ये झाली. तिचे तात्कालिक कारण लंडनमध्ये घडले. मद्यपानविरोधी चळवळीचे एक अग्रणी विल्यम स्प्रोस्टन केन यांनी त्या वर्षी मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हा प्रश्न उपस्थित केला. भारतातील वेड्यांची इस्पितळे गांजाच्या व्यसनींनी भरली आहेत, हा आरोप त्या काळी सर्वत्र ऐकू येत होता. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. त्यात चार युरोपीय आणि तीन भारतीय सदस्य होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांची साक्ष नोंदविली आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला.

या अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वेडाच्या आकडेवारीची त्याने केलेली तपासणी होय. तत्कालीन पद्धतीनुसार एखाद्या भ्रमिष्ट व्यक्तीला इस्पितळात पाठविताना तिच्यासोबत एक वर्णनपत्रक जात असे. त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे आणि तो बहुधा पोलीस भरत. रस्त्यावर सापडलेल्या अनोळखी माणसाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसे, आणि रकाना रिकामा ठेवणे तर गैरसोयीचे. अशा वेळी ‘गांजा’ हे उत्तर सोपे होते. इस्पितळाचा अधीक्षक तेच उत्तर आपल्या नोंदवहीत उतरवून घेई, त्यावरून वार्षिक अहवालातील तक्ता तयार होई आणि त्या तक्त्याचा आधार घेऊन वैद्यकीय ग्रंथ लिहिले जात. आयोगाने १८९२ सालातील १,३४४ दाखल रुग्णांच्या नोंदी घेतल्या. त्यांपैकी २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा, चरस वा भांग असे नोंदविलेले होते. प्रत्येक प्रकरणाची स्थानिक चौकशी केल्यानंतर जेमतेम ९८ प्रकरणांत हे कारण ग्राह्य धरण्याजोगे आढळले, म्हणजे एकूण रुग्णांच्या सुमारे ७ टक्के. सरकारी आकडा कसा जन्माला येतो, हे खुद्द सरकारनेच नेमलेल्या आयोगाने इतक्या चिकाटीने उलगडून दाखविल्याची उदाहरणे वसाहतकालीन इतिहासात फारशी नाहीत. इतिहासाच्या अध्यापकांनी साधनचिकित्सा शिकविताना हे प्रकरण अवश्य वापरावे, असे सुचवावेसे वाटते.

तथापि ज्या कसोटीवर आयोगाने इस्पितळांच्या नोंदी पारखल्या, तीच कसोटी त्याच्या स्वतःच्या पुराव्यालाही लावली पाहिजे. ११९३ साक्षीदारांपैकी ४६७ मुलकी अधिकारी होते. वैद्यकीय अधिकारी आणि खाजगी वैद्यक व्यावसायिक मिळून ३३५ होते. त्यांत देशी पद्धतीने उपचार करणारे वैद्य-हकीम अवघे ८७. शेतकरी, मिशनरी, वकील आदींचीही गणना वर्गवार आहे. मात्र गांजा ओढणाऱ्यांचा असा स्वतंत्र वर्ग या वर्गवारीत नाही. हमाल, गोसावी, फकीर, मजूर यांच्याविषयी साक्षी उदंड आहेत; त्यांच्या स्वतःच्या साक्षी शोधाव्या लागतात.

दुसरा मुद्दा महसुलाचा. गांजा हे अबकारी उत्पन्नाचे साधन होते. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव, मध्य प्रांतात खांडवा परिसर आणि मुंबई इलाख्यात प्रामुख्याने अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) येथे त्याची लागवड होत असे. अहवालाच्या परिशिष्टात भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक रसाळ टिपण आहे. शिवभक्तीपासून शीतलादेवीच्या उपासनेपर्यंत भांगेचे स्थान त्यात मोठ्या आस्थेने सांगितलेले असून कायदेशीर मान्यतेचे समर्थक आज ते आवर्जून उद्धृत करतात. त्याचे लेखक जे. एम. कॅम्पबेल, म्हणजे ‘बॉम्बे गॅझेटियर’चे विख्यात संपादक. टिपण लिहिताना ते मुंबईत जमीन महसूल, जकात आणि अफू या खात्यांचे कलेक्टर होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. यावरून त्यांचे प्रतिपादन अप्रामाणिक होते असे म्हणता येणार नाही. परंतु रयतेच्या श्रद्धेचा आदर आणि तिजोरीची सोय या दोन गोष्टी येथे एकाच दिशेने जात होत्या, एवढे नोंदविणे आवश्यक आहे.

आयोगाचा निष्कर्ष असा की, मर्यादित सेवनाने शरीर, मन वा नीती यांवर लक्षणीय अनिष्ट परिणाम होत नाहीत. अतिसेवन अपायकारक आहे, पण तो अपाय मुख्यतः सेवन करणाऱ्यापुरताच राहतो. हिमालयाच्या पायथ्याशी ही वनस्पती रानोमाळ उगवते, त्यामुळे संपूर्ण बंदी अंमलात येणे कठीण; शिवाय बंदी घातल्यास लोक अधिक घातक मादक पदार्थांकडे वळतील, ही भीतीही होती. म्हणून आयोगाने परवाने, कर, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि नियंत्रित लागवड यांची शिफारस केली. ही नियंत्रणाची योजना होती, मुक्तद्वाराची नव्हे.

येथे एका उपेक्षित बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनी, आपली भिन्नमतपत्रिका जोडली. दुष्परिणामांविषयीचा बहुमताचा सौम्य निष्कर्ष त्यांना मान्य नव्हता. ‘भारतीय परंपरा विरुद्ध पाश्चात्त्य पूर्वग्रह’ अशी जी सोपी मांडणी केली जाते, ती या दोन पत्रिकांपाशी अडखळते. सहिष्णुतेचा पक्ष युरोपीय बहुमताचा होता आणि कठोरतेची मागणी करणारे भारतीय होते. अर्थात हे दोघेही प्रतिष्ठित वर्गातील होते आणि चिलीम ओढणाऱ्यांविषयी त्या वर्गात असलेली तुच्छता त्यांच्या मतामागे नसेलच, असे सांगता येत नाही.

हा विरोध एकाकी नव्हता. केन यांचा काँग्रेसच्या वर्तुळाशी निकटचा संबंध होता. अबकारीचे उत्पन्न हे वसाहतवादी शोषणाचे अंग आहे, ही भूमिका राष्ट्रीय चळवळीत रुजत गेली. १९०८ साली पुण्यातील मद्यपानबंदीच्या चळवळीला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले. पुढे गांधीयुगात दारूच्या दुकानांवरील निरोधने हा सत्याग्रहाचा भाग झाला. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्यांच्या बंदीचे जे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याचे मूळ या परंपरेत आहे. बंदी ही केवळ आयात केलेली कल्पना होती असे म्हणणाऱ्यांना या साऱ्या इतिहासाचा विसर पडतो.

आंतरराष्ट्रीय दडपण होतेच. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा प्रथम आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९६१ च्या एकल कराराने त्याचा अवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत थांबविण्याचे बंधन घातले; मात्र ‘कॅनाबिस’च्या व्याख्येतून शेंड्यांविरहित पाने वगळण्यात आली. ही मुदत संपत येत असताना, १९८५ मध्ये, मादक द्रव्यांविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्यात चरस व गांजा निषिद्ध ठरले आणि पानांची भांग व्याख्येबाहेर राहिली.

पाने आणि फुलोरा यांतील या भेदाला औषधशास्त्रीय आधार आहे. पानांत मादक अंश कमी असतो. परंतु त्याला सामाजिक आधारही आहे. १८९४ च्या साक्षींमध्ये भांग ही सणासुदीची, घरंदाज गोष्ट मानलेली दिसते, तर गांजा हा बैरागी आणि कष्टकऱ्यांचा. प्रस्तुत लेखकाच्या मते १९८५ च्या कायद्याने ही उतरंड नकळत जतन केली. मूळ कायद्यात गांजासाठी कमाल ५ वर्षांची, तर चरसासाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी होती. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणाशी जोडली आणि गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत अल्प व २० किलोंपासून व्यापारी प्रमाण ठरविले गेले. तरीही केवळ सेवन हा आजही गुन्हाच आहे.

आयोगाचा निष्कर्ष आजच्या वादात जसाच्या तसा वापरता येईल काय? ब्रिटनमधील वूटन समितीने १९६८ मध्ये त्याच्याशी सहमती दर्शविली होती आणि तत्कालीन गृहमंत्री जेम्स कॅलाहॅन यांनी तिच्या शिफारशी फेटाळल्या. आज स्थिती आणखी बदलली आहे. बाजारातील गांजाची तीव्रता वाढली आहे आणि पौगंडावस्थेतील नियमित सेवन व गंभीर मनोविकार यांचा संबंध संशोधक अधिक चिंतेने मांडत आहेत, जरी कारण कोणते आणि परिणाम कोणता याविषयी मतभेद असले तरी. त्यामुळे १८९४ चे उत्तर उचलून आणण्यापेक्षा त्याची पद्धत उचलणे अधिक उपयुक्त ठरेल. म्हणजे पोलिसांच्या आणि रुग्णालयांच्या प्रत्येक आकड्यामागचा रकाना कोणी व कसा भरला, हे तपासणे. आणि या वेळी सेवन करणाऱ्यांनाही साक्षीस बोलाविणे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर या प्रश्नात आणखी एक गुंता आहे. केंद्रीय कायद्याने भांग वगळली असली तरी १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, तिला मादक पदार्थांतच धरतो. परिणामी वाराणसीत परवानाधारक दुकानातून उघडपणे विकत घेता येणारी भांग नाशिकच्या घाटावर विनापरवाना बाळगली, तर तो गुन्हा ठरतो.