सात कातडी आणि एक खोटी चिठ्ठी

संग्रहालयातील पक्ष्याचा अभ्यासनमुना म्हणजे काचेच्या कपाटात फांदीवर बसवलेला, खोटे डोळे लावलेला पक्षी नव्हे. पोटाशी छेद देऊन मांस काढलेले, पूर्वीच्या काळी आतून सोमलयुक्त साबण चोळलेले, कापूस भरून शिवलेले आणि खणात पाठीवर निजवलेले ते कातडे असते. त्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. कातडे पक्षी कसा होता ते सांगते, तर तो कुठला, हे केवळ चिठ्ठी सांगते. या दोहोंच्या साक्षी परस्परविरोधी निघाल्या तर काय होते, हे रानपिंगळा या लहान घुबडाच्या इतिहासात दिसते.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात एक लहान घुबड मिळवले आणि त्या एकाच नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये, स्वतःच संपादित केलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात, नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या नमुन्यावरून जातीला प्रथम नाव मिळते त्याला प्रारूप नमुना म्हणतात. गावोगावी वडाच्या ढोलीत दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याहून हा पक्षी निराळा होता: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंख व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, चोच दणकट आणि पायांची बोटे पिसांनी दाट झाकलेली. ह्यूम यांना हे वेगळेपण इतके ठळक वाटले की त्यांनी पक्ष्यासाठी ‘हेटरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळे घुबड’, अशी स्वतंत्र प्रजातीच योजली. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून ज्ञात असलेल्या या गृहस्थांची पक्ष्यांवरील हस्तलिखिते सिमल्यात नोकराने रद्दीत विकली, संग्रह मात्र वाचला आणि १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या आरंभी खानदेशात, तळोदे व शहादे परिसरात, आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू नाहीसाच झाला, आणि जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी उरली. त्यांपैकी एकावरील चिठ्ठी कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या संग्राहकाची होती. तिच्यानुसार तो पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मारलेला होता, म्हणजे रानपिंगळ्याची ती सर्वांत अलीकडची नोंद ठरत होती. साहजिकच पुढील शोधकांचे लक्ष तिकडे वळले आणि हाती काही लागले नाही.

स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह या नमुन्याची केलेली तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली; तिची रीत पक्षिशास्त्रापेक्षा न्यायवैद्यकाला जवळची होती. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची व शिवण्याची धाटणी हस्ताक्षरासारखी निराळी असते. या कातड्याचा क्ष-किरणांनी वेध घेता ते एकदा उसवून पुन्हा भरल्याचे आणि मूळच्या कामात डेव्हिडसन यांची धाटणी शिल्लक राहिल्याचे दिसले. निष्कर्ष असा, की कर्नलसाहेबांनी हा पक्षी मारलेलाच नव्हता. त्यांनी तो संग्रहालयातून उचलला, त्याचे रूप पालटले आणि नवी चिठ्ठी बांधली. चोरी ही त्यातली लहान बाब म्हणावी लागेल, कारण चोरलेले कातडे परत खणात ठेवता येते, पण कपोलकल्पित स्थळाने पक्ष्याच्या शोधाची दिशाच चुकवली.

तपासणी प्रसिद्ध होण्याआधीच मांडवीची नोंद बाजूला सारली गेली होती, आणि उरली ती एकोणिसाव्या शतकातील स्थळे. त्यांच्याच मागावर रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट निघाले; पूर्वेकडे प्रयत्न करून ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर, निष्पर्ण झाडावर दिवसाउजेडी बसलेला पिंगळा त्यांना दिसला. त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते.