गोगलगाय नि पोटात पाय

साध्याभोळ्या दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसाला आपण 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतो. ही म्हण अगदी शब्दशः लागू पडावी अशी एक गोगलगाय खरंच आहे. नाव युग्लँडिना रोझिया, मूळ गाव अमेरिकेतलं फ्लोरिडा आणि आसपासचा भाग. लांबट गुलाबीसर शंख, आणि इतर गोगलगायींच्या मानाने चाल चांगलीच झपझप. खाते काय? तर दुसऱ्या गोगलगायी. त्यांनी मागे सोडलेल्या चिकट रेषेवर मिशांसारखे लांब ओठ टेकवत माग काढते आणि गाठते. इंग्रजीत हिला लांडग्याची उपमा देतात ते उगाच नाही. १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर हिला सरकारी खात्याने मुद्दाम सोडलं. त्याची ही गोष्ट.

बेटाचं नाव मूरिया. ताहितीच्या शेजारी, मुंबईच्या पाव भागाहूनही लहान. ज्वालामुखीने बनलेलं, त्यामुळे मधे उंच कडे आणि चहूबाजूंना उतरणाऱ्या खोल दऱ्या. या दऱ्यांतल्या झाडांवर पार्टुला नावाच्या गोगलगायी राहायच्या. शंख दीड-दोन सेंटिमीटरचा. दिवसभर पानाखाली चिकटून बसायचं, रात्री बाहेर पडून शेवाळ, बुरशी, कुजकी पानं खायची. अंडी घालत नाहीत, एका वेळी एकच तयार पिल्लू देतात. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तिकडच्या बायका त्यांच्या शंखांच्या माळा करत, एवढाच माणसांशी संबंध.

पण दरी बदलली की शंखाचा रंग बदलतो, आकार बदलतो, पट्टे बदलतात. म्हणजे उत्क्रांतीची आयती प्रयोगशाळाच! हे ओळखलं हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकन प्राध्यापकाने. १९०६ साली तो पहिल्यांदा या बेटांवर गेला आणि मग सुटलाच. एकंदर बारा मोहिमा, जवळजवळ अर्धं शतक. एकेक दरी पायी तुडवायची, गोगलगायी गोळा करायच्या, हजारो शंखांची लांबी-रुंदी मोजायची आणि सरासऱ्या हाताने काढायच्या. एक्सेल नाही, काही नाही. ताहितीवरचा जाडजूड ग्रंथ १९१६ चा, मूरियावरचा १९३२ चा. आजच्या कुठल्याही मॅनेजरने पहिल्या तिमाहीतच 'याचा उपयोग काय?' म्हणून हा प्रोजेक्ट बंद केला असता.

१९६०च्या दशकात ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे यांनी हे काम पुढे नेलं, नंतर मायकेल जॉन्सन आला. त्यांचं मला सर्वात आवडलेलं निरीक्षण असं: मूरियावरच्या एका जातीचे शंख काही दऱ्यांत डावीकडे वळतात तर काही दऱ्यांत उजवीकडे. जिथे जवळची दुसरी जात शेजारी राहते, तिथे ही बरोब्बर तिच्या उलट दिशेला वळते. दिशा उलटी असली की जोडी जमायला त्रास होतो, त्यामुळे दोन जाती वेगळ्या राहतात. नवी जात कशी टिकते हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

आता खलनायकाची एंट्री. खरं तर दोन खलनायक. पहिला म्हणजे मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय. १९६७ मध्ये ती ताहितीत आणली गेली ती खाण्यासाठी! ती निसटली, बागा आणि शेतं फस्त करत सुटली. (ही बया आपल्याही ओळखीची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून कलकत्त्यात आणली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादेत सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन जिने शेतकऱ्यांना दुबार पेरणी करायला लावली ती शंखी गोगलगाय हीच.)

शेतकरी वैतागले हे साहजिकच होतं, आणि सरकारला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. उपाय काय काढला? गोगलगायी खाणारी गोगलगाय. १९७४ मध्ये ताहितीत आणि मार्च १९७७ मध्ये मूरियावर युग्लँडिना सोडली. टेस्टिंग झालं नव्हतं असंही नाही. हवाईत ती १९५५ पासून होती आणि स्थानिक गोगलगायींना खाते हे तिथे दिसलेलं होतं. तरी पॅच थेट प्रॉडक्शनवर. आणि या पॅचला रोलबॅक नसतो.

मुठीएवढ्या शिकारीपेक्षा पानाखालची दीड सेंटिमीटरची पार्टुला केव्हाही सोपी. वर्षाला साधारण सव्वा किलोमीटर या वेगाने युग्लँडिना बेटभर पसरली. क्लार्क, मरे आणि जॉन्सन नकाशावर ती रेषा सरकताना बघत होते. १९८४ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला. १९८७ पर्यंत मूरियावरच्या सातही जाती जंगलातून संपल्या.

बॅकअप होता, तोही थोडक्यात वाचलेला. संशोधकांनी काही गोगलगायी आधीच प्रयोगशाळेत नेल्या होत्या, त्यांचे वंशज प्राणिसंग्रहालयांत वाटले गेले. प्लास्टिकचे डबे, आणि खायला ओट्स, वाळलेल्या खाजकुइलीसारख्या पाल्याची पूड आणि समुद्रफेस. तीस-चाळीस वर्षं कोणीतरी रोज हे डबे पुसलेत! पण बॅकअपही दगा देतो. पार्टुला टर्जिडा या जातीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका सूक्ष्म परजीवीची साथ आली. दोन वर्षांच्या आत सगळी वसाहत गेली, शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये मेली. क्लार्क पतिपत्नींनी पुढे संकटातल्या प्राण्यांचे डीएनए गोठवून ठेवणारा 'फ्रोझन आर्क' प्रकल्प उभा केला, त्यामागे हीच बोच होती.

१९९४ मध्ये मूरियावर परत सोडायचा पहिला प्रयत्न झाला. कुंपणाला मिठाचा चर, वर विजेची तार. एखादी फांदी पडली की पूल तयार. युग्लँडिना आत आली आणि खेळ खलास.

मग उत्तर मिळालं ते ताहितीत तग धरून राहिलेल्या पार्टुला हायलिना या पांढऱ्या शंखाच्या जातीकडून. ही का वाचली? मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये तिथेच बनलेले दोन बाय पाच मिलिमीटरचे कॉम्प्युटर चक्क युग्लँडिनाच्या पाठीवर चिकटवले. पार्टुला संरक्षित, म्हणून तिच्यासाठी ती बसते त्या पानांवर चिकटवले. सोलर सेल किती भराभर चार्ज होतो यावरून ऊन मोजायचं. निष्कर्ष असा की पांढरी पार्टुला जंगलाच्या कडेला जेवढं ऊन सहन करते, तेवढ्यात शिकारी टिकत नाही. जंगलाची ती उजेडाची कडा म्हणजेच तिचा किल्ला. म्हणून ती कडाही राखायला हवी, हे त्या मिलिमीटरभर यंत्राने दाखवलं.

२०१५ पासून डब्यांतल्या गोगलगायी विमानाने परत जाऊ लागल्या. २०२३ मध्ये एकदम पाच हजारांहून जास्त ताहिती आणि मूरियावर सोडल्या. धोका टळलेला नाही, न्यू गिनीहून आलेला एक चपटा किडा हा नवा शत्रू आहे. सोडलेल्या प्रत्येकीच्या शंखावर अतिनील प्रकाशात चमकणारा रंगाचा ठिपका असतो, म्हणजे रात्री टॉर्च घेऊन फिरताना मोजता येतात. २०२४ च्या पाहणीत मूरियावर पार्टुला तोहिवेआना जातीची एक पूर्ण वाढलेली गोगलगाय सापडली. तिच्या शंखावर ठिपका नव्हता. ती तिथेच जन्मलेली होती.